फ्यूजलाज चिकटवण्याआधी नाकात वजन भरा

आधी मुद्द्याचं. प्लास्टिकचे भाग चिकटवून बनवायच्या मॉडेल किटमधलं विमान पुढे नाकाखाली एक चाक आणि मागे दोन, असं उभं राहणारं असेल तर फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, दोन बाजू चिकटवण्याआधी नाकात वजन भरायचं. मिग-२१, नॅट, हंटर, जॅग्वार, तेजस, सगळी यातलीच. स्पिटफायर आणि हरिकेन शेपटीच्या चाकावर टेकतात, त्यांना हे लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी नेमकं हेच विसरलो. रंग, डेकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं) सगळं झालेलं मिग-२१ शेल्फवर ठेवलं तर नाक वर करून शेपटीवर बसलं, आणि जोड फोडल्याशिवाय आत काही घालायला वाट नव्हती. म्हणून यादीत वजन पहिलं.

वजन कसलं, तर सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे. पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅम भरतो, त्यामुळे हिशेब सोपा. सूचनापत्रात कधी ग्रॅम लिहिलेले असतात, कधी नुसतं वजनाचं चित्र असतं, कधी काहीच नसतं. लिहिलेलं नाही म्हणजे लागत नाही, असं समजू नका. जागा फारच कमी असेल तर मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं घ्या, ते पोलादाच्या जवळजवळ दीडपट जड असतं. पण शिशाला पांढरा फेविकॉल लावायचा नाही. अशा गोंदाने शिसं पांढरं पडून फुगतं आणि काही वर्षांनी आतून जोड उकलतो. अरालडाइटसारखं दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा. शिसं घासू नका, हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका. छर्रे घट्ट बसवा, सुटे राहिले तर मॉडेल उचललं की खुळखुळतं.

किती भरायचं ते अंदाजाने ठरवू नका. फ्यूजलाज, पंख, शेपटी सगळं मास्किंग टेपने तात्पुरतं जोडा, मागची चाकं जिथे येणार त्या रेषेखाली आडवी पेन्सिल धरा आणि विमान त्यावर तोला. नाक खाली गेलं पाहिजे. जेमतेम जात असेल तर अजून दोन ग्रॅम घाला, कारण बाहेर पडणाऱ्या ज्वाळेची नळी, रंग, शेपटीकडचे बारीक भाग नंतर येतात आणि सगळे मागेच वजन टाकतात. जळगावच्या सराफ बाजारात दिसतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा असला तर उत्तम. वजन चाकांच्या जितकं पुढे, तितकं कमी पुरतं. मिग-२१ मध्ये हवा घेणाऱ्या तोंडातला शंकू आतून पोकळ असतो, तो आधी भरा, मग कॉकपिटच्या खालची जागा. बी-२५ मिचेलचं नाकच काचेचं, तिथे इंजिनांच्या नॅसेलचा (आवरणाचा) पुढचा भाग शोधायचा. उगाच ढीगभरही भरू नका. पुढच्या चाकाचा पाय बारीक असतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो भार सोसत सोसत वाकतो.

हत्यारांचं फार बोलत नाही. कटर, धारदार चाकू, चिमटा, ४०० ते २००० नंबरचे पाण्यातले पॉलिश पेपर. भाग स्प्रूवरच, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरच, असताना भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलं की रंग धरत नाही.

आता आपल्या हवेचं. पुण्यामुंबईच्या माणसाचा सल्ला इथे जळगाव-भुसावळकडे जसाच्या तसा चालत नाही. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचं पाण्यासारखं द्रावण) जोडात झिरपण्याआधीच उडून जातं. जोडाची कामं सकाळी सूर्य वर येण्याआधी उरका. एकदम लांब जोड धरू नका, बोटभर करत पुढे सरका. धुतलेले भाग गच्चीवर उन्हात वाळत घालू नका, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत किट ठेवू नका, पातळ पंख पिळवटतात आणि पुन्हा सरळ होणं अवघड. एअरब्रशच्या टोकाला ॲक्रिलिक सुकतं, त्याला रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोनचार थेंब लागतात. कूलर लावून लॅकर मारू नका, दमटपणाने रंगावर पांढरट धुकं चढतं. पंखा बंद ठेवा. कापसाच्या रानांवरून येणारी काळी धूळ ओल्या रंगावर बसली की पुन्हा घासणं आलं, म्हणून रंगवलेला भाग लगेच मोठ्या डब्याखाली झाका. लॅकर असो की थिनर, मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. यात चालढकल नको.

आता फ्यूजलाज बंद करायची वेळ आली. थांबा. नाकात वजन आहे? हलवून बघा, पेन्सिलीवर पुन्हा तोला. कॉकपिट आत बसवलंय, शंकू बसवलाय, पण वजन? मग लावा सिमेंट. ओझरला बनलेलं मिग-२१ वायुदलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, तेव्हापासून अनेकांना हे विमान करायचंय. त्यांना माझं सांगणं एवढंच, की १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, त्याचा पंखविस्तार जेमतेम दहा सेंटीमीटर. एवढ्या लहान मॉडेलला वजनाची काय गरज, असं वाटतं आणि तिथेच घात होतो.

पुढचं पटकन. जोड भरा, घासा, प्रायमर द्या, प्रायमरवर भेगा दिसतील त्या पुन्हा भरा. धातूचा रंग देणार असाल तर एकही ओरखडा लपत नाही. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, टेपने मास्क करा. रंग पातळ थरांत. डेकलआधी ग्लॉसचा चकचकीत थर, नाहीतर डेकलच्या फिल्मखाली हवा अडकून चंदेरी दिसते. परदेशी किटमध्ये भारतीय डेकल अनेकदा नसतात, वेगळे मागवा, आणि ते रंग सुरू करण्याआधी हातात असू द्या. भारतीय चक्रात केशरी बाहेर, हिरवा मध्ये. मग खाचा उठून दिसाव्यात म्हणून पातळ गडद रंगाचा वॉश, वर बिनचकाकीचा मॅट थर. कॅनोपीवरची टेप काढा. नाकापुढची पिटो नळी सगळ्यांत शेवटी लावा, आधी लावली तर बाही अडकून मोडते.