बंद पडलेला बुलेट कॅमेरा उघडून बघताना

पावसाळा सरला की नाशिकमधल्या सातपूरच्या माझ्या दुकानात बंद बुलेट कॅमेऱ्यांचा, म्हणजे लांबट नळीसारख्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा ढीग लागतो. बरेचसे निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्षबागांतले. मालकाचं म्हणणं ठरलेलं, "पुढच्या काचेतून पाणी गेलं." उघडल्यावर बहुतेक वेळा दिसतं ते वेगळंच. पाणी मागून, केबलच्या वाटेने आलेलं असतं. म्हणून माझं सांगणं आहे, असा कॅमेरा भंगारात देण्याआधी एकदा स्वतः उघडा. पाणी कुठून शिरलं ते कळलं तर त्याच खांबावरचा पुढचा कॅमेरा टिकेल.

वॉरंटी चालू असेल तर मात्र हात लावू नका. नसेल तर आधी सप्लाय काढा. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असो की पीओईची (वीजही वाहून नेणारी) नेटवर्क केबल, जे असेल ते सोडवा. पीओईवर ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो. सोलरचा, बॅटरीवाला कॅमेरा असेल तर जास्त जपा. आतल्या लिथियम सेलला पेचकस लागला तर आग लागू शकते. असा कॅमेरा घरी उघडू नये.

पुसायच्या आधी बाहेरून नीट बघा. बागेतल्या कॅमेऱ्यावर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे निळसर डाग असतात. जिथे रंग उडालाय तिथे मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं आणि बारीक खड्डे पडतात. ते पुढच्या रिंगच्या आट्यांपर्यंत पोचले असतील तर तिथूनही गळती होऊ शकते.

वरची टोपी स्क्रू काढून बाजूला ठेवा. पुढची रिंग बहुतेक बुलेटमध्ये हाताने, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. जाम असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जोर लावा. पक्कड लावली की आटे चेपतात, मग ती रिंग पुन्हा घट्ट होत नाही. काही मॉडेलमध्ये रिंग फिरतच नाही, रबरी बुचांखाली एलन कीचे स्क्रू असतात. पुढचा भाग सुटला की ओढू नका. रात्री इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) उजेड देणाऱ्या एलईडीच्या प्लेटपासून मेन बोर्डाला बारीक वायर जाते. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग कनेक्टर काढा.

आता काळी रबरी ओ-रिंग. तिच्यावर केस, वाळू, चीर आहे का बघा. रिंग स्वच्छ, आजूबाजूचं धातू कोरडं, आणि आत मात्र डाग, असं असेल तर काच निर्दोष आहे.

एलईडीच्या प्लेटच्या मध्ये लेन्सभोवती फोमची कडी असते. ती सरकली की एलईडीचा उजेड काचेवरून उलटून लेन्समध्ये येतो आणि रात्रीचं चित्र पांढरं धुरकट होतं. लोक हा कॅमेरा खराब समजतात, कडी जागेवर बसवली की काम होतं. प्लेटवरचा छोटा गोल सेन्सर अंधार ओळखतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे एलईडी रात्री मंद लाल दिसतात, ९४० चे डोळ्यांना दिसत नाहीत.

लेन्सच्या मागे मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. दोन बारीक काचा बसवलेली एक सरकती पट्टी. एक काच इन्फ्रारेड अडवते, ती दिवसासाठी; दुसरी साधी, रात्रीसाठी. संध्याकाळी कॅमेऱ्यातून "टक्" असा आवाज येतो तो हिचा. पट्टी अडकली तर दिवसा द्राक्षाची पानं हिरवी न दिसता फिकट जांभळट दिसतात, कारण पानांवरून इन्फ्रारेड फार परावर्तित होतो. लेन्स उगाच फिरवू नका, फोकस जातो. लेन्समागच्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेला बोट लावू नका.

बोर्ड काढताना बॉडीला चिकटलेला, उष्णता वाहून नेणारा थर्मल पॅड हळू सोडवा. मग केबल जिथे आत येते तिथे टॉर्च मारा. पिनांवर हिरवट थर, खाली पाण्याचा सुकलेला ओघळ, हाच पुरावा. उन्हाने तापलेला डबा निफाडच्या थंडीत किंवा अचानक सरीने गार झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढून घेते. बाहेर लोंबणारा जॉइंट ओला असेल तर केबलच्या सालीतून स्ट्रॉसारखं पाणीही वर चढतं. कॅमेऱ्यावर लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे धुळीपासून पूर्ण बचाव आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणं, पण हे डब्याबद्दल. तुमच्या जॉइंटबद्दल नाही.

फक्त पिना हिरव्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, कॅमेरा चालू होण्याची आशा असते. चिपचे पाय खाल्ले गेले असतील तर वेळ घालवू नका.

बंद करायचं ते कोरड्या हवेत, जुलैच्या दमट दुपारी नाही. नवी सिलिका जेलची पुडी टाका, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वायरजवळ लावू नका. त्यातून ॲसिटिक अ‍ॅसिड सुटतं आणि तांबं सडतं. असं अ‍ॅसिड न सोडणारं, न्यूट्रल क्युअरवालं मागा.

खांबावर चढवताना जॉइंट बंद बॉक्समध्ये घ्या, बॉक्सचं भोक खाली ठेवा, आणि केबलला आत जाण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर फिरायच्या आधी कॅमेऱ्यावर पिशवी बांधा, फवारा झाला की लगेच सोडा. राहिली तर उन्हात आत वाफ धरते.