ड्रायर लावला की धडधड, खडखड, चीं? आधी आवाज ओळखा, मग पाना हातात घ्या

उन्हाळ्यात आपल्याकडे ड्रायरची तशी फार गरज पडत नाही, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास गेला की गच्चीवरची जीन्ससुद्धा बघता बघता वाळते. खरी परीक्षा असते ती श्रावणात. कानबाई, म्हणजे आपल्या खान्देशातला देवीचा सण, ती बसायच्या आधी सगळं घर धुऊन काढायचं असतं, गोधड्या, चादरी, पडदे, सोफ्याची कव्हरं, आणि नेमका तेव्हाच पाऊस लागलेला असतो, मग सगळा भार ड्रायरवर येतो आणि वर्षभर मुकाट चालणारं मशीन एकदम घर हादरवायला लागतं.

इथे ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला तो लहान, उभा, भोकंभोकंवाला टब. खान्देशात बऱ्याच घरांमध्ये हेच मशीन आहे, कारण पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं आणि ह्यात बादलीने पाणी टाकून पण काम होतं. ह्या टबला वेगळी मोटर असते, ती मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे मारते. एवढ्या वेगात टब फिरतोय म्हटल्यावर कपडे थोडे जरी एका बाजूला गेले तरी केवढा हिसका बसत असेल बघा. म्हणून आवाज आला की "चालतंय ना, चालू दे" असं करू नका. टबच्या तळाशी पाणी अडवणारा जो शे-दोनशेचा रबरी बुश असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की पाणी मोटरवर उतरतं आणि मग खर्च हजारात जातो.

आधी रिकामा फिरवून बघा

सगळ्यात आधी हे करायचं, आणि बरेच लोक हेच करत नाहीत. ड्रायरमधले सगळे कपडे काढा, झाकण नीट लावा, टायमर एक मिनिटावर ठेवा आणि बाजूला उभं राहून फक्त ऐका. रिकामा टब शांत फिरला तर मशीनला बहुधा काही झालेलं नाही, दोष कपडे भरण्यात किंवा मशीन ठेवलंय त्या जागेत आहे, आणि तो फुकटात जातो. रिकाम्या टबमध्येही तोच आवाज आला तर मात्र आतलं काहीतरी सैल झालंय, झिजलंय किंवा अडकलंय.

ऐकताना आवाज कसा आहे आणि कधी येतो, दोन्ही लक्षात ठेवा. चालू होताना येतो, पूर्ण वेगात येतो, की बंद होताना? धडधड म्हणजे तोल गेला किंवा स्प्रिंग गेली. खडखड म्हणजे काहीतरी सुटं आहे. चीं असा बारीक आवाज बहुतेक ब्रेकचा. घरघर, जी वेगासोबत वाढते आणि टब थांबेपर्यंत हळूहळू उतरते, ती बुश किंवा बेअरिंगची. छपछप म्हणजे आत पाणी साचलंय. आणि टब फिरतच नाही, नुसता हुं असा आवाज येतो, तर लगेच बंद करा, तशी मोटर दोन-चार मिनिटं जरी ठेवली तरी जळू शकते. जळका वास, धूर किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर पुढचं काहीच करू नका, पिन काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

कपडे भरण्याची पद्धत

समजा वॉश टबवर ७ किलो लिहिलंय, तर तेवढे सगळे कपडे ड्रायरमध्येही एकदम मावतील असं नसतं, ड्रायरची क्षमता वेगळी आणि कमी असते, ती पुस्तिकेत दिलेली असते. कपडे गोळा करून वरून टाकू नका, एकेक कपडा टबच्या कडेने गोल बसवत या, मग हाताने खाली दाबा आणि त्यावर ती प्लास्टिकची गोल चकती ठेवून दाबून बसवा. ही चकती बऱ्याच घरांत मशीनच्या मागे धूळ खात पडलेली असते. ती नसली की वरचे कपडे वेगात उडून बाहेर येतात आणि टब आणि बाहेरच्या भिंतीच्या मधल्या फटीत शिरतात. रुमाल, मोजा, लहान बाळाची लंगोट अशी बारकी वस्तू त्या फटीत गेली की घासल्यासारखा आवाज सुरू होतो आणि पुढे टब अडकतो.

गोधडी तर वेगळंच प्रकरण आहे. ओली गोधडी एका बाजूला सगळं पाणी धरून बसते. ती टाकायचीच असेल तर आधी मोरीत उभी टांगून पाणी निथळू द्या, मग टबच्या आतल्या बाजूने गोल गुंडाळून बसवा, मध्ये पोकळी राहिली तरी चालेल पण सगळं वजन एका कडेला नको. एकटी जीन्स किंवा एकटा टॉवेल असेल तर समोरच्या बाजूला दुसरा टॉवेल ओला करून ठेवा, तोल साधतो. रेनकोट, ताडपत्री, मेणकापड, ज्यातून पाणी आरपार जात नाही असं काहीच ड्रायरमध्ये टाकू नका. त्याच्या घडीत पाणी साचतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि पूर्ण वेगात तोल गेला की टब बाहेरच्या भिंतीवर आपटतो, मशीन फुटायचीसुद्धा भीती असते.

फरशी आणि पाय

आपल्या बाथरूममधली शहाबादी मोरीकडे उताराला लावलेली असते, त्यामुळे मशीनचे चारही पाय सारखे टेकत नाहीत. मशीनचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबून बघा, डुगडुगलं तर तेच कारण. एक-दोन पाय फिरवून खालीवर होतात, ते फिरवा. वर पाणी भरलेलं ताट ठेवलं की कुठल्या बाजूला उतार आहे ते लगेच कळतं. घडी केलेला पुठ्ठा नका घालू, तो ओला होऊन आठवडाभरात दबतो, त्यापेक्षा जाड रबराचा तुकडा बरा. चाकाच्या स्टँडवर ठेवलं असेल तर ड्रायर लावताना चाकं लॉक पाहिजेत. आणि मशीन भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, कारण कित्येकदा आवाज मशीनचा नसतोच, पत्रा भिंतीवर किंवा नळाच्या पाइपवर वाजत असतो.

पाण्याची नळी

हे फार कमी लोक बघतात. ड्रायरमधून निघालेलं पाणी ज्या नळीने बाहेर जातं ती नळी मोरीच्या उंबऱ्यावरून उंच गेली असेल, दुमडली असेल किंवा आत गाळ, धागे, साबणाचा चोथा बसला असेल तर पाणी बाहेरच्या टबमध्ये साचतं. मग आतला टब त्या पाण्यात फिरतो, छपछप आवाज येतो, वेग धरत नाही, मोटर तापते. नळी जमिनीलगत सरळ ठेवा, टोकाला बोटाने साफ करा. पावडर जास्त झाली तर फेसानेही असंच होतं, कपडे आधी साध्या पाण्यातून काढा आणि मग ड्रायरला टाका.

आत काही पडलंय का

आता पिन काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर पाहिजे, हात कोरडे, पायात चप्पल. झाकण उघडलेलं असताना टब जड फिरतो, घाबरू नका, झाकणाला तार जोडलेली असते आणि उघडलं की ब्रेक लागतो म्हणून तसं लागतं. मोबाइलचा टॉर्च घेऊन टबच्या भोकांमधून आणि कडेच्या फटीतून बघा. नाणी, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक हे तर सगळीकडेच सापडतात, पण शेतकरी घरात खिशातून निघतात ते नट, वायसर आणि ड्रिपचे जॉइनर. असं काही भोकात अर्धं अडकलं की प्रत्येक फेऱ्याला टिक-टिक-टिक असा मोजून मापून आवाज येतो, त्यावरूनच ओळखायचं. चिमट्याने किंवा टोक वाकवलेल्या तारेने अलगद काढा, पण तार टबच्या तळाशी खुपसू नका, तिथे रबरी बुश आहे, त्याला भोक पडलं तर नवीन काम वाढेल.

मग टबची कड धरून हळूच हलवा. टब स्प्रिंगवर असतो त्यामुळे थोडा हलणारच, पण चारी बाजूंनी सारखा हलून जागेवर आला पाहिजे. एकाच बाजूला झुकत असेल तर मागचं झाकण उघडायची वेळ आली.

मागचं झाकण उघडल्यावर

ज्यांना पाना-पेचकसची सवय आहे त्यांनीच उघडा. पिन काढलेलीच आहे ना, पुन्हा बघा. आत एक कॅपॅसिटर असतो, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग, त्याच्यात पिन काढल्यावरही करंट राहू शकतो, त्याच्या तारांना हात लावू नका.

ड्रायरची मोटर खाली तीन स्प्रिंगवर बसवलेली दिसेल. एखादी तुटली किंवा जागेवरून सरकली असेल तर मोटर तिरकी झालेली डोळ्यांनाच दिसते, रिकाम्या टबची धडधड इथूनच येते. तिन्ही स्प्रिंग एकदम बदला, एकच नवी टाकली की तोल पुन्हा बिघडतो. मोटर आणि टबचा दांडा जिथे जोडलाय ते कपलिंग, त्याचा बोल्ट ढिला झाला की चालू होताना खाडकन आवाज येतो आणि नंतर खडखड. बहुतेक ठिकाणी दहा नंबरचा पाना बसतो, आवळून घ्या, लॉकनट असेल तर तोही.

कपलिंगच्या भोवती ब्रेकचा ड्रम आणि पट्टी असते. ड्रायरचं वरचं झाकण बंद केल्यावर तार ओढली जाऊन पट्टी ड्रमपासून सुटली पाहिजे. तार सैल झाली की पट्टी घासत राहते, चीं असा आवाज येतो आणि रबर जळल्यासारखा वास. तार थोडी ओढून पुढच्या खाचेत अडकवली की काम होतं. पण ह्या ड्रमला तेल-ग्रीस अजिबात लावू नका, आवाज जाईल पण ब्रेकही जाईल. झाकण उघडल्यावर टब १५ सेकंदांच्या आत थांबला पाहिजे, थांबत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरूच नका, लहान मुलं हात घालतात.

आता बुश. टबच्या तळाला दांडा जिथून खाली येतो तिथे रबरी बुश असतो, पाणी मोटरवर पडू नये म्हणून. बोअरच्या पाण्यावर ज्यांचं घर चालतं त्यांच्याकडे हा लवकर जातो, कारण क्षार दांड्यावर आणि रबरावर चढत जातात, आधी नुसती घरघर येते, मग खाली पाण्याचे थेंब, मग मोटरवर पांढरे-तांबूस डाग. एका मावशींचं म्हणणं होतं, "भाऊ, हाई मशीन काबरं इतलं घरघर करस?" तेव्हा टब वरून चकचकीत होता, आणि खाली बघितलं तर दांड्याभोवती चुन्यासारखा थर आणि मोटरचा वरचा भाग गंजलेला. डाग दिसले की थांबू नका, बुश बदलून घ्या. मोटरच्या बेअरिंगपर्यंत गंज गेला असेल तर ते घरी होत नाही, वाइंडिंगवाल्याकडे न्यावं लागतं. क्षारासाठी महिन्यातून एकदा कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्या पाण्याने टब कापडाने पुसा आणि दोन तांबे साधं पाणी ओतून फिरवून घ्या.

नुसतं हुं करत असेल तर कॅपॅसिटर, अडकलेला ब्रेक किंवा कमी व्होल्टेज, तिघांपैकी एक. खेड्यात शेतीपंप एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा घरातला पंखा पण मंद झालेला दिसेल. अशा वेळी ड्रायर लावू नका. व्होल्टेज ठीक असून हुं येत असेल तर कॅपॅसिटर तपासून घ्या, बदलताना जुन्यावर लिहिलेला आकडाच नव्यावरही पाहिजे. अजून एक, मागून उघडलंच आहे तर उंदरांनी तारा कुरतडल्यात का ते बघा, कापसाच्या दिवसात घरात कापूस भरलेला असतो आणि उंदीर मशीनखाली घर करतात. खालची जाळी फाटली असेल तर नवी लावा.

फुल्ली ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडक्यात: नवीन फ्रंट लोड पहिल्याच दिवशी नाचत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का बघा, टॉप लोड एका बाजूला आपटत असेल तर टब ज्यावर टांगलाय ते रॉड गेलेले असतात. गरम हवेचा वेगळा ड्रायर असेल तर त्यात ड्रमखालची चाकं आणि पट्टा आवाज करतात, बरेच दिवस बंद राहिला तर चाकं एका जागी चपटी होऊन सुरुवातीला ढबढब येते.

मेकॅनिकला फोन करताना "मशीन बिघडलं" एवढंच नका सांगू. रिकाम्या टबला आवाज येतो का, चालू होताना की थांबताना, खाली पाणी पडतं का, हे तीन सांगितलं की तो बरोबर सामान घेऊन येतो, नाहीतर तालुक्याहून खेड्यापर्यंत त्याची एक चक्कर फुकट जाते आणि तिचे पैसे आपणच देतो. बदललेला जुना पार्ट हातात मागून घ्या आणि मेकॅनिक असतानाच मशीन समोर चालवून बघा: आधी रिकामा एक मिनिट, मग समोरासमोर दोन ओले टॉवेल टाकून, मग अर्धा टब कपडे टाकून. तिन्ही वेळा झाकण उघडून टब थांबतोय का तेही बघा, आणि मगच पैसे द्या.