ऑफिस धरण्याआधी चाव्यांचा बोर्ड बघा

इस्टेट एजंट म्हणून कुठे कामाला लागायचं ठरलं की सगळे पहिलं विचारतात, "किती टक्के देणार?" बोरिवलीत मीही तेवढंच विचारलं होतं. मालक म्हणाले, "साठ तुझे." तोंडी. पहिला रिसेल केला एक कोटी वीस लाखांचा. खरेदीदाराकडून एक टक्का ब्रोकरेज (दलाली) आलं, १,२०,००० रुपये. माझे ७२,००० व्हायला हवे होते, हातात पडले ३६,०००. म्हणे लीड (म्हणजे गिऱ्हाईक) ऑफिसने आणलेली, आणि ऑफिसच्या लीडवर तीसच टक्के. पार्टी माझ्या मावशीच्या सोसायटीतली होती, माझा नंबर मावशीनेच दिला होता. पण भांडायला हातात कागद नव्हता.

म्हणून आधी लिहून घ्या: कोणती पार्टी कोणाची धरणार, ऑफिसच्या लीडवर वाटा किती, पोर्टल आणि जाहिरातीचा खर्च कोणाचा, आणि मी मधेच सोडून गेले तर टोकन (आगाऊ रक्कम) झालेल्या डीलचे पैसे मिळणार का. शेवटचं विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं तरी चालेल.

बोलता बोलता मालकाच्या मागची भिंत बघा. दादरला आता ज्या ऑफिसात मी बसते तिथे लाकडी बोर्डवर चाव्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर विंग, फ्लॅट नंबर आणि घरमालकाचं आडनाव. पहिल्या दिवशी मोजल्या, एकतीस होत्या. कोण कुठली चावी किती वाजता घेऊन गेला ते वहीत लिहिलं जातं. घरमालक चावी ठेवून जातात म्हणजे त्या ऑफिसवर त्यांचा भरवसा आहे. चाव्या नसलेल्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्या ब्रोकरांना "फ्लॅट आहे का अजून?" विचारत बसावं लागतं, आणि ब्रोकरेज दोघांत वाटून उरेल त्यात तुमचा वाटा.

नवख्याला भाड्याची कामं देणारं ऑफिस मला जास्त बरं वाटतं. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला साधारण एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज मिळतं, तेही लवकर. नव्या प्रोजेक्टमध्ये टक्का मोठा, पण अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायचं, ऑफिसने बिल लावायचं, बिल्डरने ते पास करायचं. त्यात महिने जातात. तोवर लोकलचा पास आणि घरखर्च कशातून निघणार, याचा हिशेब आधी मांडा.

प्रोजेक्टचे फ्लॅट विकायचे तर महारेराची, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाची, एजंट नोंदणी लागते. वैयक्तिक नोंदणी ५ वर्षांची. २०२३ मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. नोंदणीशिवाय विकल्यास दिवसाला १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ऑफिसचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथेच बसून महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर चहा येईपर्यंतही थांबू नका.