गाडीची किंमत ठरवताना या चुका टाळा: कोटेशनपासून मालकी हस्तांतराच्या टीटी फॉर्मपर्यंत

नवी गाडी घ्यायला गेलेले बहुतेक जण खुर्चीवर टेकता टेकताच 'शेवटचे किती?' असे विचारतात, आणि जुनी गाडी बघायला गेलेले मालकाला 'किती सोडणार?' असे विचारतात. दोन्ही प्रश्न फार लवकर विचारलेले असतात. त्या क्षणी समोरच्या माणसाला किंमत कशाकशाची बनली आहे हे पुरते ठाऊक असते आणि आपल्याला त्यातले काहीच ठाऊक नसते, त्यामुळे तो जे दोन-पाच हजार सोडतो ते आपल्याला कमाई वाटते. घासाघीस येत नाही म्हणून आपण फसतो, असा अनेकांचा समज आहे. माझ्या अनुभवात माणसे फसतात ती कोणता आकडा हलतो आणि कोणता हलत नाही हे न पाहता बोलल्यामुळे.

ऑन-रोड किमतीच्या एकाच आकड्यावर बोलणे

शोरूममधून मिळणाऱ्या कोटेशनच्या तळाशी ऑन-रोड किंमत, म्हणजे कर-विम्यासह सगळे धरून होणारी रक्कम, ठळक छापलेली असते आणि चर्चा त्याच आकड्याभोवती फिरावी अशी सोय केलेली असते. खरे तर त्या कागदावरची प्रत्येक ओळ वेगळ्या स्वभावाची असते. एक्स-शोरूम किंमत कंपनीने ठरवलेली असते. रस्ता कर राज्य सरकारचा असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा तो एकरकमी भरावा लागतो, आणि डिझेल गाडीला तो प्रत्येक टप्प्यावर २ टक्क्यांनी जास्त असतो. किंमत १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून गोळा केलेला आयकर) लागतो, पण ती रक्कम आयकर विवरणपत्रात आपल्या नावे जमा दाखवता येते, म्हणून तिला खर्च समजू नये. विम्यातला थर्ड पार्टीचा (अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) हप्ता सरकारने इंजिनाच्या क्षमतेनुसार ठरवून दिलेला असल्यामुळे तोही सगळीकडे सारखाच असतो. या ओळींवर हुज्जत घालणे म्हणजे वेळ आणि सद्भावना दोन्ही वाया घालवणे होय.

बोलायचे ते उरलेल्या ओळींवर. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीसाठी गाडी पाहताना आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये ८ लाखांच्या गाडीपुढे विमा ४६,२०० रुपये, 'एसेन्शियल किट' १४,९०० रुपये, कोटिंग ९,००० रुपये आणि हँडलिंग ६,५०० रुपये असे लिहिले होते. आम्ही त्या दिवशी सवलतीचा विषयच काढला नाही. कोटेशनची प्रत मागून घेतली, घरी येऊन त्याच आयडीव्हीचा (गाडी पूर्ण गेल्यास विमा कंपनी देईल त्या कमाल रकमेचा) आणि झिरो डेपसह (दाव्यात भागांचा घसारा न कापणाऱ्या संरक्षणासह) त्याच अ‍ॅड-ऑनचा विमा बाहेरून काढला तर किती पडतो ते पाहिले, आणि तो ३५,४०० रुपये निघाला. दुसऱ्या दिवशी हा कागद समोर ठेवल्यावर विम्याची रक्कम ३६,००० वर आली. किटमधल्या वस्तू एकेक करून विचारल्या, तेव्हा त्यात पायपुसणी, मडफ्लॅप, चावीचे कव्हर आणि एक सुगंधी बाटली होती. आम्ही फक्त मडफ्लॅप ठेवले. हँडलिंगची रक्कम कोणत्या सरकारी शुल्कात बसते, असे शांतपणे विचारल्यावर ती ओळ खोडली गेली.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. विम्याचा हप्ता कमी दाखवण्यासाठी आयडीव्ही खाली ओढण्याची युक्ती शोरूममध्येही चालते आणि बाहेरही. नव्या गाडीचा आयडीव्ही सर्वसाधारणपणे कंपनीच्या विक्री किमतीतून ५ टक्के घसारा वजा करून येतो, म्हणजे ८ लाखांच्या गाडीला तो ७ लाख ६० हजारांच्या आसपास दिसायला हवा. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. 'बाहेरचा विमा घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही' असे कोणी सांगितले, तर आपल्या विमा कंपनीच्या कॅशलेस गॅरेजच्या यादीत त्या वर्कशॉपचे नाव आहे का ते पाहावे. उत्तर त्या यादीतच असते.

किमतीऐवजी हप्ता ठरवणे

'महिन्याला किती बसेल?' हा प्रश्न विक्रेत्याला सर्वांत सोयीचा असतो, कारण हप्ता कमी करण्यासाठी त्याला किंमत कमी करावी लागत नाही, फक्त मुदत वाढवावी लागते. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो आणि व्याज १ लाख ९६ हजारांच्या घरात जाते. तेच कर्ज ७ वर्षांवर नेले की हप्ता १२,८७० वर उतरतो, ऐकायला फार बरे वाटते, आणि व्याज २ लाख ८१ हजारांवर पोहोचते. शोरूममध्ये दिवसभर भांडून मिळवलेली ४० हजारांची सवलत अशा एका सहीत दुपटीने परत जाते. म्हणून आपल्या बँकेकडून व्याजदराचा आणि प्रोसेसिंग फीचा आकडा आधी लेखी घ्यावा, आणि गाडीची किंमत ठरेपर्यंत कर्जाचा विषय टेबलावर येऊ देऊ नये.

जुनी गाडी एक्स्चेंजला देणाऱ्यांचेही असेच होते. जुन्या गाडीला २० हजार जास्त मिळाले या आनंदात नव्या गाडीवरची सवलत २५ हजारांनी घटली हे लक्षात येत नाही. नव्या गाडीची किंमत एक्स्चेंजशिवाय आधी लिहून घ्यावी, जुनीची बोली दोन-तीन ठिकाणी लावून पाहावी, आणि मगच दोन्ही व्यवहार एकत्र करायचे की नाही ते ठरवावे.

गाडी कधी बनली आणि आपण कधी गेलो, याकडे दुर्लक्ष

पाडवा आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी हवी असणाऱ्यांची रांग असते, त्यामुळे त्या आठवड्यात विक्रेत्याला नमते घेण्याचे कारण नसते. पितृपक्षात शोरूम रिकामे असते आणि महिनाअखेरीला विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे असते. मुहूर्त पाळणाऱ्यांनी बोलणी या दिवसांत करून किंमत लेखी घ्यावी आणि डिलिव्हरी मुहूर्तावर घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत मिळणारी मोठी सवलत पुष्कळदा सरत्या वर्षात बनलेल्या गाडीवर असते. तशी गाडी घेणे चूक नाही, मात्र पुढे विकताना वर्ष उत्पादनाचे मोजले जाते, म्हणून ती सवलत उपकार नसून आपला पुढचा तोटा आधीच भरून घेणे आहे असे समजून बोलावे. चासी नंबर १७ अक्षरी असतो आणि बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत त्यातले दहावे अक्षर वर्ष सांगते: २०२४ साठी आर, २०२५ साठी एस. पैसे भरण्याआधी आपल्याला मिळणाऱ्या गाडीचा हा नंबर मागून घ्यावा.

बुकिंग फॉर्मवर 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील' असे वाक्य सहसा असते. तोंडी कबूल केलेली सवलत त्या वाक्यापुढे टिकत नाही, म्हणून सवलतीची रक्कम, मोफत द्यायच्या वस्तू आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे त्याच फॉर्मवर सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे. जास्तीची रक्कम आधीच भरली गेली असेल, तर पावतीसह डीलरला व कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी पत्र द्यावे, आणि उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

जुन्या गाडीला मालकाच्या खरेदी किमतीवरून मोजणे

'मला साडेसात लाखांना पडली होती' हे वाक्य जुन्या गाडीच्या प्रत्येक सौद्यात येते, आणि ऐकणारा नकळत त्या आकड्यापासून खाली मोजू लागतो. मोजायला हवे ते आज तीच गाडी नवी कितीला मिळते तिथपासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी तो २८ टक्के आणि वर १ टक्का सेस असा होता. कर सोडून ५ लाखांची असलेली गाडी पूर्वी ६ लाख ४५ हजारांना पडत असे, ती ५ लाख ९० हजारांवर आली, आणि रस्ता करही त्याच प्रमाणात उतरला. नवीच स्वस्त झाली असताना जुनीचा भाव जुन्या करावर धरणे योग्य नाही, हे मालकाला समजावून सांगता येते आणि बहुतेकांना ते पटते.

यानंतरची बोलणी गाडीच्या अंगावर चालते. सकाळी इंजिन थंड असताना जावे आणि 'आम्ही येण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका' असे मालकाला सांगावे. सोबत ओळखीचा गॅरेजवाला न्यावा. त्याला दिलेले हजार-पंधराशे रुपये सगळ्या व्यवहारातले सर्वांत कामाचे असतात. टायरच्या कडेला चार अंक कोरलेले असतात, ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. काचांवरचे वर्षाचे खुणांक एकमेकांशी जुळतात का, बॉनेटच्या बिजागरीच्या नटांचा रंग उडाला आहे का, दाराचे रबर ओढून पाहिले तर आतले स्पॉट वेल्ड कंपनीतल्यासारखे गोल आहेत का, हे पाहावे. मीटरवर विश्वास न ठेवता अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते विचारावे.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल मात्र घासाघीस करू नये, ती सोडून द्यावी. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि धुऊन-पुसून चकचकीत केलेली अशी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा: नेहमी बाहेर असणारा भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या अगदी आतल्या वीतभर पट्ट्यावर गाळाची करडी रेघ राहते, बोट फिरवले तर भुकटी हाताला लागते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातली वाळू हीच गोष्ट सांगतात.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात दाखवल्या जातात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), महाराष्ट्राचा कर आणि नव्या एमएच क्रमांकाचा खर्च मिळवल्याशिवाय तो भाव स्वस्त आहे की नाही हे कळत नाही.

दोष दाखवून मालकाचा अपमान करणे

गाडीला नावे ठेवली की भाव पडतो ही समजूत चुकीची आहे. साताऱ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आम्ही पाहिली, तेव्हा त्यांनी ४ लाख २५ हजार सांगितले होते. टायर पहिलेच होते, क्लच जड झाला होता आणि बॅटरी उतरली होती. आमच्या मिस्त्रीने जागेवरच कागदावर टायर १७,०००, क्लच ९,५००, बॅटरी ५,२०० असा हिशेब मांडला. मी तो त्यांच्या हातात देऊन म्हटले, "काका, गाडी तुम्ही जिवापाड सांभाळली आहे, म्हणूनच आम्ही घेतो आहोत. पण एवढे काम मला पहिल्याच महिन्यात करावे लागेल." त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, आत जाऊन काकूंशी बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "टायरचे मला माहीत होते, क्लचचे नव्हते." सौदा ३ लाख ९० हजारांना झाला. त्या कागदाऐवजी मी नुसतेच 'तीन-नव्वद द्या' म्हटले असते, तर ते मला उठवून लावते आणि त्यात त्यांचे काही चुकले नसते.

कागद पाहण्याआधी इसार देणे

इसाराची रक्कम दिली की आपला आवाज खाली येतो, म्हणून परिवहन पोर्टलवर आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) कर्जाचा बोजा, विम्याची आणि पीयूसीची मुदत, तसेच थकलेली ई-चलाने आधी पाहावीत. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही पाहावे. विम्यातला नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. पॉलिसी आपल्या नावावर करताना त्या सवलतीचा फरक आपल्याला भरावा लागतो, आणि तो फरक किमतीत धरायला बरेच जण विसरतात.

टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, कोऱ्या सह्या घेऊन गाडी तशीच फिरवणे ही दोघांनाही महागात पडणारी सवय आहे. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. अपघात झाल्यास आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून काही रक्कम, आमच्या व्यवहारात ती २० हजार होती, आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवण्याचे दोघांच्या संमतीने लिहून घ्यावे आणि बाकीचे पैसे बँकेतूनच द्यावेत. गाडी ताब्यात घेताना मीटरचे वाचन, दोन्ही चाव्या मिळाल्याची नोंद आणि दोघांच्या सह्या असलेली चिठ्ठी करावी, आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही घालावी, कारण ई-चलानवर वेळ मिनिटासह छापलेली असते.