अर्थशास्त्र घेतलंय? मग या चुका टाळा

बी.ए.ला अर्थशास्त्र घेणाऱ्या बहुतेकांचं एफ.वाय.ला काही अडत नाही. व्याख्या पाठ, गाइडमधली आकृती पाठ, पेपर सुटला. अडतं ते पुढे, एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत, आणि तोवर दुखणं जुनं झालेलं असतं. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द उत्तरपत्रिकेत न चुकता लिहायचे, पण विचार करताना सोडून द्यायचे, हे ते दुखणं.

कांद्याचंच घ्या. 'कांदा महागला म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून भाव उतरले, भाव उतरले म्हणून मागणी वाढली.' अशी उत्तरं गोल गोल फिरत राहतात. भाव वाढल्यावर किलोऐवजी अर्धा किलो घेतला, तर मागणी वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती खरेदी होते ते दाखवणारी रेषा, जागची हलत नाही. आपण त्याच वक्रावर वर सरकतो. हा मागणीचा संकोच. मागणीतली घट वेगळी. कांदेनवमी उरकली, चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा बंद झाला. भाव कालचाच, तरी खरेदी कमी. इथे अख्खा वक्र डावीकडे गेला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगावच्या बाजारात हेच मोठ्या प्रमाणावर झालं: परदेशी गिऱ्हाईक तुटलं आणि भाव पडले. अवकाळीने पीक गेलं, तर मात्र सरकतो तो पुरवठा वक्र. म्हणून आकृती काढण्याआधी समासात एक ओळ लिहा: पहिला धक्का कुठून आला? एका वेळी एकच वक्र हलवा, बाकीचं जागच्या जागी राहू द्या. निम्मी आकृती तिथेच सुटते.

दुसरी गफलत टक्क्यांची. इथे चांगली पोरंसुद्धा फसतात, आणि वर्तमानपत्रं त्यात भरच घालतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्के झाला. ही कपात २५ बेसिस पॉइंटची (१०० बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का-बिंदू). 'दर ०.२५ टक्क्यांनी घटला' हे बोलण्यात चालतं, पण गणितात नाही; मूळ दराच्या तुलनेत घट जवळपास ३.८५ टक्के आहे. तसंच महागाईचं. दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे स्वस्ताई आली नाही. १०० ची वस्तू १०६ झाली होती, ती आता ११०.२४ झाली.

आधार वर्षाकडे न बघण्याची चूक तर टीव्हीवरच्या चर्चांतही रोज होते. एप्रिल-जून २०२० या लॉकडाउनच्या तिमाहीत देशाचं जीडीपी सुमारे २४ टक्क्यांनी आक्रसलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली. 'विक्रमी वाढ' असं लिहून मोकळं होण्याआधी हिशोब करा: १०० चे ७६ झाले, त्यात २०.१ टक्के मिळवले की ९१ च्या आसपास. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या पातळीला आपण पोचलोच नव्हतो. आकडा चालू किमतींचा (महागाई धरून) की स्थिर (महागाई वगळून), हेही आधी बघा; वाढीचा दर सांगतात तो सहसा स्थिर किमतींचा.

आता गणित. दहावीनंतर गणित सुटलं म्हणून आर्ट्स, आर्ट्समध्ये सोपं म्हणून अर्थशास्त्र, हा हिशोब आपल्याकडे सर्रास चालतो. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीचं गणित लागतं. आपल्याकडे ते न घेताही पदवी मिळते, ही सोय पुढे महागात पडते. सीमांत खर्च, सीमांत उपयोगिता, यांतलं 'सीमांत' म्हणजे विकलन: एक गोष्ट किंचित बदलली की दुसरी किती बदलते, ते काढणं. आणि आंशिक विकलन म्हणजे बाकीची चलं स्थिर ठेवून एकाचाच परिणाम मोजणं, म्हणजे ते वर पाठ केलेलं वाक्यच. एस.वाय.च्या उन्हाळी सुट्टीत अकरावी-बारावीच्या पुस्तकांतलं विकलन आणि मॅट्रिक्स हातावेगळं करा. रोज तासभर पुरे, पण कागदावर. यूट्यूबवर दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघितल्याने फक्त समजल्याचा भास होतो.

मराठी माध्यमवाल्यांनी इंग्रजी संज्ञांची धास्ती घेऊ नये. आकृती तीच असते. संज्ञा आकृतीवरच दोन्ही भाषांत लिहीत चला, वेगळी यादी पाठ करू नका. आणि एम.ए. प्रवेशाचा जुना पेपर पहिल्यांदा उघडायला टी.वाय.च्या निकालापर्यंत थांबू नका. एस.वाय. संपतानाच एक सोडवून बघा. दहापैकी तीन आले तरी हरकत नाही, कोणते सात अडले ते कळायला अजून वर्ष हातात असतं.