पोहण्याच्या तलावाच्या पंपाची नळजोडणी: या चुका टाळा

पंप चालू असताना तलावात पाणी परत सोडणाऱ्या तोंडांतून बुडबुडे येऊ लागले किंवा गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली हवा साठलेली दिसली, की बहुतेक जण पंपच बिघडला असे धरून चालतात. दोष मात्र बहुधा तलावापासून पंपापर्यंतच्या सक्शन लाइनमध्ये असतो. पंप चालताना तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे फटीतून थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून ओल शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. सर्वांत आधी गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग तपासावी, कारण ते सर्वांत स्वस्त कारण आहे.

आसगावातल्या एका घरी रिंग ठीक होती, तरी रोज सकाळी पंप पाणी उचलत नव्हता. पंप चालू ठेवून मी एकेका सांध्यावर दाढीचा फेस लावत गेलो, तेव्हा पंपाजवळच्या एल्बोवर, म्हणजे नळी वळवणाऱ्या जोडावर, फेसात सुईच्या टोकाएवढे भोक पडले. तो एल्बो 63 मिमीचा होता आणि नळी दोन इंची. शेतीची 63 मिमी पीव्हीसी नळी बाहेरून 63 मिमीच असते, तर घरगुती नळकामातली दोन इंची यूपीव्हीसी नळी बाहेरून 60.3 मिमी भरते. बोलताना मात्र दोन्हींना सर्रास ‘दोन इंची’ म्हटले जाते. उरलेली फट तिथे सॉल्व्हंट सिमेंट थापून भरली होती. सॉल्व्हंट फट भरत नाही, ते प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करते, आणि त्यासाठी नळी सॉकेटमध्ये घट्टच बसावी लागते. आपल्या पावसाळ्यात सांधा पुसून पूर्ण कोरडा केल्याशिवाय सॉल्व्हंट लावू नये आणि नंतर एक दिवस पंप सुरू करू नये.

दुसरी मोठी चूक काटकसरीची. दोन इंचांऐवजी दीड इंची नळी टाकली, तर तेवढेच पाणी ओढताना घर्षणाने वाया जाणारा दाब सुमारे चौपट होतो. पंपाच्या तोंडालगत एल्बो लावण्याचे टाळून निदान दहा इंच नळी सरळ ठेवावी. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल, तर नळी त्याच्याकडे सतत चढती असावी, मधल्या उंचवट्यात हवा अडकते.

बागेची साधी होज सक्शनला जोडू नये, ती ओढीने चपटी होते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत नळी आवळणाऱ्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या क्लिपा लवकर गंजतात. तिथे 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात.

जांभ्यात खणलेल्या चरात नळी थेट खडीवर न टेकवता वाळूच्या थरावर ठेवावी, आणि सर्व तोंडे बंद करून पाण्याच्या दाबाखाली तपासल्याशिवाय चर बुजवू देऊ नये.