वर्ल्ड ऑफ हॉरर खेळताना या चुका टाळा

‘गेम अनफेअर आहे’ ही तक्रार पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींत मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता उलट एकच विचारतो : स्क्रीनवर लिहिलेलं वाचलं होतंस का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं.

‘वर्ल्ड ऑफ हॉरर’ हा भुताखेतांच्या केसेस, म्हणजे रहस्यं, सोडवायचा कॉम्प्युटर गेम. पावेल कोझ्मिन्स्की या पोलिश डेंटिस्टने एमएस पेंटमध्ये चित्रं काढून तो बनवला. २०२० मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला आला, २०२३ मध्ये पूर्ण झाला. चित्रं जुन्या कॉम्प्युटरवरच्यासारखी, मोजक्याच रंगांत. भीती आणि माहिती, दोन्ही मजकुरात आहे. तो मजकूर क्लिक-क्लिक करत उडवायचा असेल, तर हा गेम घेऊच नका.

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे भुताला शस्त्राने मारत बसणं. आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर एक ज्युनिअर खेळायला बसला होता. चार केसेस सोडवून झालेल्या, हातात चांगलं हत्यार, पोरगा खुशीत. पाचव्या केसमध्ये भूत समोर आलं. या गेममध्ये प्रत्येक टर्नला वेळेची २०० एककांची एक पट्टी मिळते, प्रत्येक कृती त्यातला काही वेळ खाते. याने अख्खी पट्टी वारांनी भरली. भुताला काहीच झालं नाही. पुढच्या टर्नला पुन्हा तेच. ‘अरे, ते भूत आहे, याने मरणार नाही’ असं आम्ही सांगत होतो आणि हा ‘थांब रे, एकच टर्न’ म्हणत होता. प्रत्येक टर्नला त्याचा रीझन, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे तो आकडा, घसरत होता. तो शून्यावर गेला आणि चार केसेसची मेहनत तिथेच संपली, कारण मेलात की पहिल्यापासून सुरुवात.

भुताला घालवायचं ते विधीने. लढाईच्याच पर्यायांमध्ये वाकणं आणि टाळी वाजवणं असतं. त्यांचा योग्य क्रम सापडला की भूत जातं. जपानी देवळांत दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकायची रीत आहे, तिथून हे आलेलं दिसतं. क्रम मात्र तुम्हालाच शोधावा लागतो. मी कीबोर्डशेजारी वही ठेवतो. ‘वा’ म्हणजे वाकणं, ‘टा’ म्हणजे टाळी. करून पाहिलेला प्रत्येक क्रम लिहायचा. डोक्यात राहील म्हणणाऱ्यांच्या डोक्यात भीतीने काहीही राहत नाही.

दुसरी मोठी चूक, डूमकडे, म्हणजे सर्वनाश किती जवळ आला ते सांगणाऱ्या आकड्याकडे, दुर्लक्ष. नवे लोक स्टॅमिना (अंगातली ताकद) आणि रीझन जपतात आणि डूमचा आकडा नुसता शोभेचा समजतात. तो १०० टक्क्यांवर गेला की अंगात कितीही ताकद असली तरी खेळ खलास. शिवाय एका केसमध्ये वाढलेला डूम पुढच्या केसमध्ये तुमच्यासोबत येतो. उधारीवर किराणा आणल्यासारखं आहे, महिनाअखेरीला बिल येतंच. प्रत्येक केस संपली की मी तिन्ही आकडे बघतो आणि मगच पुढची उचलतो. पर्याय निवडताना डूम वाढणार असं दिसलं, तर तिथे थांबून खरंच गरज आहे का ते ठरवतो.

मंत्राची किंमत वाचल्याशिवाय मंत्र वापरू नका. सुरुवातीला कोणता प्राचीन देव जागा होतोय आणि त्याचा परिणाम काय, ते वाचा. पट्टी नुसत्या वारांनी भरू नका. बचावाला जागा ठेवा.

आणि विकी, म्हणजे खेळाडूंनी उत्तरं लिहून ठेवलेली वेबसाइट. एकाच केसचे अनेक शेवट असतात, ते शोधणं हाच तपास आहे. दुसऱ्या विंडोत उत्तरं उघडून खेळणाऱ्यांना गुप्तहेराचा गेम कशाला हवा, हे मला कळत नाही. सेव्ह फाइलची कॉपी ठेवून मेल्यावर मागे जाणंही मला पटत नाही. मरणाची किंमत नसेल तर दार उघडताना हात थबकत नाही, आणि तो थबकावा यासाठीच हा गेम आहे.

पाच केसेस झाल्या की शेवटचा टप्पा म्हणून दीपस्तंभ चढायचा असतो. त्याआधी दुकानात जाऊन सगळे पैसे खर्च करा. शेवटी उरलेल्या पैशांचा काहीही उपयोग नाही.